ने म्हणजे ने

गुरम्माच्या घरून उपाशी परतलेला माणूस लातुरात शोधून सापडायचा नाही. मीटर बघायला आलेला, गॅसची टाकी आणणारा, पत्ता चुकून दारात उभा राहिलेला, सगळ्यांना ती आधी खाली बसवते, पुढ्यात भाकरी-चटणी ठेवते आणि मग विचारते, "काय काम काढलं?" मी तिची शेजारीण. एकोणीस वर्षं हे चाललंय, आणि त्यात माझं वजन किती वाढलं ते मी सांगणार नाही.

माझं नाव सौदामिनी. छत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढायची खोड गेलेली नाही. गुरम्मा मला 'बाई' म्हणते आणि मी सांगितलेलं सगळं खरं मानते. पित्तावर काय घ्यावं, जावयाला काय बोलावं, काय बोलू नये, सगळ्यात माझा शब्द शेवटचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

तिचं माहेर शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातलं, सासर निलंग्याचं. नवरा मलप्पा, त्यांचं भुसाराचं लहानसं दुकान. एकुलती एक मुलगी अंबिका दहावीला चांगली निघाली, तेव्हा क्लासेससाठी तिला लातुरात आणणं आलंच. मायलेकी आमच्या शेजारच्या खोलीत राहिल्या. मलप्पा दर शनिवारी एसटीनं यायचे, येताना पिशवीत ज्वारी, तूर, शेंगा. अंबिका इंजिनियर झाली, उदगीरच्या रविकिरणशी तिचं लग्न झालं आणि दोघं ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेली. पुढं मलप्पा आजारी पडले. नांदेडच्या दवाखान्यात अकरा दिवस होते, त्यातून ते परत आले नाहीत.

त्या अकरा दिवसांत गुरम्मा दोन्ही वेळा गुरुद्वाऱ्यात जेवली. मला ती अजून सांगते, "तिथं कुनी जात न्हाई इचारली बाई, गाव न्हाई इचारलं. दोनी हात पसरून रोटी घ्यावी लागती. पैल्या दिशी हात पसरलं आन तिथंच रडू फुटलं." त्यांच्या लिंगायतांत या खाऊ घालण्याला दासोह म्हणतात. ते आधीपासून तिच्या अंगात होतंच. नांदेडनंतर ते जरा वेडाच्या दिशेनं गेलं, असं माझं मत आहे आणि ते मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे.

दोन वर्षांपूर्वी अंबिकाच्या बाळंतपणासाठी गुरम्मा मेलबर्नला निघाली. सहा महिन्यांचा व्हिसा. वाढवून मिळणार नाही अशी अट त्यात आधीच घातलेली. आयुष्यात नांदेडच्या पलीकडं न गेलेली बाई हैद्राबादेतून विमानात बसली. रोज सकाळी माझा चहा व्हायच्या वेळेला तिचा फोन यायचा. पहिला महिनाभर एकच रडगाणं, "दार उघडलं तर मानूस दिसत न्हाई बाई. गाड्या हायत, घरं हायत, झाडं हायत. मानूसच न्हाई."

शेजारी मात्र एक म्हातारी होती. ग्रीस देशातली, पन्नास वर्षांपूर्वी तिकडं येऊन राहिलेली, कायम काळ्या कपड्यांत. नाव स्टाव्रूला. गुरम्मानं तिचं पहिल्या दिवशीच सावरूबाई करून टाकलं. इंग्रजी तिला बेताचं, गुरम्माला तेवढंही नाही. तिचा नवरा त्याच वर्षी गेला होता आणि तिनं चूल बंद केली होती. मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, रविवारी यायचा. त्यानंच अंबिकाला कुंपणापाशी गाठून सांगितलं, की आई खात नाही, वजन फार उतरलंय, डॉक्टर म्हणतात अजून उतरलं तर घरी एकटी ठेवता येणार नाही, वृद्धाश्रमात न्यावं लागेल. आणि ती म्हणते, या घरातून मी मेल्यावरच बाहेर पडेन.

हे अंबिकानं आईला सांगितलं आणि तिथंच सगळं ठरलं. शेजारी माणूस उपाशी आहे हे कळल्यावर गुरम्माला झोप कशी लागावी?

पण जायचं कसं? अंबिका म्हणाली, "अव्वा, हितं असं कुनाच्या घरात ताट घेऊन जात न्हाईत." मग येळवस आली. येळवस म्हणजे वेळा अमावास्या. त्या दिवशी लातुरात कुत्रं सापडत नाही, सगळं गाव शेतात जेवायला जातं, आणि रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाक मारून पंगतीला बसवायचं असतं. गुरम्मानं तिकडं बाळंतिणीच्या घरात शेंगा-पालेभाज्यांची भज्जी केली, बाजरीचे वाफवलेले उंडे केले, ताकातलं आंबील केलं. वर पुन्हा भाकरी टाकायला घेतली. तव्यावरचं पीठ करपलं, घरभर धूर झाला आणि छताला बसवलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं. बाळ रडतंय, अंबिका खुर्चीवर चढून कसलं बटण शोधतेय, गुरम्मा शंकर शंकर म्हणतेय. तेवढ्यात मागच्या दारातून सावरूबाई झाडू घेऊन आत आली. तिनं झाडूच्या दांड्यानं ते यंत्र ढोसून बंद केलं, खिडक्या उघडल्या आणि मग नाक वर करून वास घेतला.

"मी म्हनलं, येळवशीला वाटसरू आलंच की वो बाई, आपल्या पायानं!" गुरम्मा फोनवर ओरडून सांगत होती.

त्या दिवशी सावरूबाई अर्धी भाकरी आणि दोन वाट्या भज्जी जेवली. आंबील पिताना तिचे डोळे भरले. तिच्या गावाकडं दळलेला गहू आंबट दुधात भिजवून असंच काहीतरी करायचे म्हणे, हे पुढं तिच्या मुलानं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून गुरम्मा कुंपणाच्या फटीतून रोज ताट द्यायला लागली. "ने गं माय, ने," म्हणायची, आणि ती घ्यायची. सावरूबाईच्या परसात आपला माठ उगवलेला निघाला, जुड्याच्या जुड्या. ती तो उकडून लिंबू पिळून खायची, ही लसूण-शेंगदाणे घालून परतायची. दोघींनी एकमेकींच्या माठाला नावं ठेवली असणार, कोणाला कळतंय! एकदा सावरूबाईनं रव्याचा गोड पदार्थ दिला आणि म्हणाली, हलवा. गुरम्मा हरखली. "त्येंच्यातबी हलवाच म्हनत्यात बाई!" मी लगेच शिकवायला बसले, की हा शब्द अरबांचा, इकडं आपल्याकडं आला तसाच तिकडंही गेला असणार, भाषा अशाच एकमेकींच्या घरी जात-येत असतात. दहा मिनिटं बोलले. तिला पटलं, की त्या बाईचं बोलणं आणि आपलं बोलणं आतून कुठंतरी एकच आहे.

फेब्रुवारीपर्यंत सावरूबाईचं वजन तीन किलोनं वाढलं. मुलगा स्वतः दारात येऊन अंबिकाचे आभार मानून गेला. वृद्धाश्रमाचं नाव त्यानं त्यानंतर काढलं नाही. गुरम्मानं मला हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज असा होता, की जणू तिनंच कोणाला तरी जन्म दिलाय.

मार्चमध्ये एका रविवारी मुलगा वडिलांची जुनी गाडी विकायला घेऊन गेला. अंगणातनं गाडी गेली आणि सावरूबाई मागच्या पायरीवर बसून रडायला लागली. गुरम्मा ताट घेऊन गेली. पुढचं मी तिच्याच शब्दांत सांगते, कारण मला ते शब्दन् शब्द पाठ आहेत.

"मी म्हनलं, खाती का माय? तर डोळं पुसलं आन म्हनली, ने. मला वाटलं मी चुकून ऐकलं. म्हनलं, नको? ती म्हनली, ने, ने. आन ताटाला हात लावला. मी म्हनलं, परत नेऊ? तर जोरात म्हनली, ने! मग काय, उचललं ताट आन आले. मागनं काय तरी बोलायली व्हती. मी वळले न्हाई. माझाच शब्द शिकली आन माझ्याच तोंडावर टाकला वो बाई."

रडत होती गुरम्मा. आणि मी? मी मराठीची मास्तरीण. मी म्हणाले, "अगं, ने म्हणजे ने. 'नेणे'चं आज्ञार्थी एकवचन आहे, त्यात दुसरा काही अर्थ निघत नाही. माणसाला मान असतो गुरम्मा. रोज रोज शेजारणीचं अन्न कोणाला घ्यावंसं वाटेल? आता तू होऊन जाऊ नकोस. लोचटपणा दिसतो तो."

"अंबिकाला इचारू का?"

"विचार. ती म्हणेल, मी आधीच सांगितलं होतं."

मग तिनं अंबिकाला विचारलं नाही. अंबिकाला बाळाच्या जागरणांतून आणि कामावर परत जायच्या धांदलीतून आईचं ताट कधी थांबलं हेही कळलं नाही.

सावरूबाई दोन-तीन दिवस कुंपणापाशी येऊन हाका मारत होती. गुरम्मा आतून ऐकायची आणि नळ मोठा सोडायची. चौथ्या दिवशी कुंपणावर चार लिंबं ठेवलेली होती. "बाई, लिंबं कशापायी ठेवली आसतील वो?" तिनं विचारलं. मला उत्तर येत नाही असं कधी झालंय का? मी म्हणाले, "तुझ्या उपकाराची परतफेड करून मोकळी झाली ती." लिंबं तशीच राहिली आणि वाळली. मग हाका बंद झाल्या. पाच आठवडे गेले.

एप्रिलच्या शेवटी अंबिका आईला घेऊन भाजीच्या दुकानात गेली. दुकानदार म्हातारा ग्रीक. भेंडी मोजता मोजता खांद्यावर फोन धरून कोणाशी तरी हसत बोलत होता, आणि मान डोलवून सारखं म्हणत होता, ने, ने, ने.

गुरम्मानं अंबिकाला विचारलं, "ह्यो काय ने म्हनायलाय?"

अंबिकानं त्याला विचारलं. तो म्हणाला, आमच्या भाषेत 'ने' म्हणजे 'हो'.

गुरम्मा बटाट्याच्या पोत्यावर खाली बसली. अंबिकाला वाटलं आईला चक्कर आली. दुकानदार पाणी घेऊन धावला. गुरम्मा नुसती बघत होती त्याच्याकडं. खाती का? हो. नको? हो, हो, खाते. परत नेऊ? हो! रडणाऱ्या माणसानं एकाच गोष्टीला चार वेळा हो म्हटलं होतं आणि ती ताट घेऊन उठून आली होती.

घरी आल्यावर तिनं पायातलं न काढता पीठ मळलं. दोन भाकऱ्या टाकल्या, वांगं केलं आणि अंबिकाला हाताला धरून शेजारच्या दारात गेली. दार उघडं होतं. ओट्यावरची भांडी कागदात गुंडाळून खोक्यांत भरलेली होती. मुलगा एका खोक्याला चिकटपट्टी लावत होता. सावरूबाई खुर्चीत बसलेली. "हाडं राहिली व्हती वो नुस्ती," गुरम्मा सांगते, "अंगातला सदरा दुसऱ्याचा वाटायला व्हता."

गुरम्मानं ताट तिच्या मांडीवर ठेवलं. सावरूबाईनं बघितलं, गुरम्माचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला. मनगट सोडलं नाही, सगळं संपेपर्यंत. रागावली नाही.

वृद्धाश्रमातली खोली ठरली होती. सोमवारी जायचं होतं, आणि हा शुक्रवार.

गुरम्मा अंबिकाला म्हणाली, "सांग त्येला. म्हनावं, मी रोज करून घालते. दोन टायमाला घालते. चूक माझी हाय, तिची न्हाई. तिला घरातच ऱ्हाऊ द्या म्हनावं." अंबिकानं सांगितलं. 'ने'ची गोष्टही सांगायचा प्रयत्न केला, पण ती सांगताना स्वतःच रडायला लागली आणि त्या मुलाला नीट काही समजलं नाही. मुलगा वाईट नव्हता. तो खोक्यावर बसला, तोंडावरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, की तुम्ही अजून किती दिवस आहात?

अंबिकानं त्याचं भाषांतर केलं नाही. पण हा प्रश्न गुरम्माला आल्या दिवसापासून जो तो विचारत होता. तेवढं इंग्रजी तिला कळायला लागलं होतं. तिनं एका हाताची पाच बोटं दाखवली आणि दुसऱ्या हाताची चार.

मुलानं पुन्हा चिकटपट्टी हातात घेतली. अंबिका म्हणाली, शनिवार-रविवार मी डबा देत जाईन. तो म्हणाला, आणि सोमवार ते शुक्रवार? गुरम्मा परतल्यावर अंबिका सकाळी सातला कामाला जाणार, बाळ पाळणाघरात. सोमवारी सकाळी गुरम्मानं भाकरी कापडात बांधून दिली, सावरूबाईनं ती छातीशी धरली आणि गाडीत बसली.

गुरम्मा लातूरला परत आली त्याला आता दीड वर्ष होईल. आल्या दिवशी तिनं हे सगळं मला माझ्याच ओट्यावर बसून सांगितलं. मी वाट बघत होते, की आता ती म्हणेल, बाई, तुम्ही सांगितलं म्हणून मी थांबले. ती ते म्हणाली नाही. आजपर्यंत म्हणालेली नाही.

अंबिका जमेल त्या रविवारी तिकडं आश्रमात जाते आणि फोनवर दोघींना एकमेकींचं तोंड दाखवते. सुरुवातीला सावरूबाई फोन घेऊन त्याच्या मागं बघायची, गुरम्मा मागं कुठं उभी आहे का म्हणून. एकदा अंबिका भाकरी घेऊन गेली, तर तिथल्या बाईनं ती दारातच ठेवून घेतली. हिला आता गिळायला त्रास होतो, सगळं वाटून पातळ केलेलंच द्यायचं असा नियम आहे, घशात अडकलं तर जबाबदार कोण? तिचंही खरंच होतं. गुरम्मानं मला धरून बसवलं आणि आंबिलाची कृती इंग्रजीत लिहून घेतली. आंबील पातळच असतं, ते कोणाच्या घशात अडकत नाही. मी चांगल्या अक्षरात, मुद्देसूद लिहून दिली. अंबिकानं तो कागद तिथल्या स्वयंपाकघरात दिला. त्यांनी आभार मानले आणि बाहेरचा पदार्थ करता येत नाही म्हणून सांगितलं.

गेल्या रविवारी अंबिकाचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. सावरूबाईनं पातळ केलेलंही घेणं सोडलंय. चमचा तोंडापाशी नेला की तोंड फिरवते. मुलगा रोज येऊन बसतो. डॉक्टर म्हणाले, आता जबरदस्ती करू नका. अंबिकानं फोन तिच्यासमोर धरला. गुरम्मा मोठ्यानं म्हणाली, "माय, मी हाय गं. गुरम्मा." सावरूबाईचे डोळे उघडे होते, पण ती फोनकडं बघत नव्हती.

गुरम्मानं फोन ठेवला. मला उठून घरी जावंसं वाटत होतं. तेवढ्यात ती माझ्याकडं वळली.

"बाई, खरं सांगा. मी ताट देत ऱ्हायले असते तर ती घरीच ऱ्हायली असती का वो?"

तिच्या विचारण्यात आरोप नव्हता. नेहमी विचारते तसंच विचारलं, पित्तावर काय घेऊ विचारावं तसं. ताट बंद होईपर्यंत त्या बाईचं वजन वाढत होतं. मुलानं आश्रमाचं नाव काढणं सोडलं होतं. पाच आठवडे मी तिला थांबवलं, आणि लिंबं दिसली तेव्हा दुसऱ्यांदा थांबवलं. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. छत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेली मी, माझ्यानं ते बोलवलं नाही.

"नाही गं," मी म्हणाले. "त्यांचं आधीच ठरलं होतं."

गुरम्मानं मान हलवली. "तुमी म्हनता म्हंजी तसंच आसल," म्हणाली, आणि माझ्यासाठी भाकरी टाकायला उठली.